निंबाखाली कोण आहे?

— नाही, हे वाक्य आधी खोड. 'सामान्य वापरकर्त्यांमध्ये तांत्रिक जाणिवेचा अभाव.' कुठून आणलं हे? गाईडनं लिहून दिलं? मंग गाईडले सांग, अकोल्याच्या देवरावनं खोडायले लावलं. अडाणी म्हणते लोकायले. माझ्या शेजारची चंदा, सातवी नापास, तिनं मोबाइलवर घरातल्या सहा जणायची आधार कार्डं दुरुस्त केली, पोराचा दाखला काढला, अन् दुबईतल्या भावाले रोज सकाळी स्वयंपाकघरातून तोंड दाखवते. तिले जाणीव नाही? पस्तीस वर्षं मी बातमीदारी केली, आकांक्षाबाई, पस्तीस वर्षं हेच ऐकलं — साहेबाची योजना चालली नाही की साहेब म्हणते, जनता अडाणी. खोडलं? नीट खोड, वाचता यायले नको. आता काय लिहायचं ते सांगतो, त्यासाठीच आलीस ना अमरावतीहून एवढ्या उन्हात. ते मोबाइलमधलं रेकॉर्डिंग चालू आहे ना? चहा घे. साखर कमी-जास्त असल, माझ्या हातचा आहे.

विकेंद्रित सोशल मीडिया म्हणजे काय, हे तू प्रबंधात चार पानं लिहिली असशील, मी चार ओळीत सांगतो. एका कंपनीची एक टोलेजंग इमारत नाही — ज्याचं त्याचं छोटं घर. अकोल्याचं आमचं, नाव 'निंबाखाली'. मोर्शीच्या एका पोरानं काढलं, 'संत्री'. तुमच्या अमरावतीले प्राध्यापकायनं काढलं, 'अंबानगरी'. घरं वेगळी, पण खिडक्या एकमेकायच्या अंगणात उघडतात, इथं लिहिलेलं तिथं दिसते. मालक कोणी नाही. वरून कोणी येऊन तुझं तोंड बंद करत नाही. ऐकायले किती छान वाटते, नाही? मलेही वाटलं. काहून वाटणार नाही — माझं तोंड बंद झालं होतं ना. बाळापूर तालुक्यातल्या एका गावात भर मे महिन्यात आमच्या बौद्ध वस्तीतल्या हापशीचा दांडाच काढून नेला होता. पाणी आहे, हापशी आहे, दांडा नाही. पेपरनं बातमी छापली नाही, म्हणून मी फोटो माझ्या पेजवर टाकला. बावीस हजार माणसं होती त्या पेजवर. दोन दिवसात शे-दोनशे लोकायनं तक्रारी ठोकल्या — हा माणूस तेढ पसरवते — अन् तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पेज नाही. कंपनीचं नाव सोड, तिले लिहिलं, पुन्हा लिहिलं, सोळा वेळा लिहिलं. उत्तर यंत्राचं. म्हणजे मी भांडू कोणाशी? ठाणेदाराशी भांडलो, कलेक्टरशी भांडलो, संपादकाच्या टेबलावर राजीनामा ठेवून दोनदा घरी आलो — पण समोर माणूस तर पाहिजे ना.

मंग ललित आला. माझ्या भावाचा पोरगा, कॉम्प्युटर इंजिनिअर. म्हणे काका, आपलंच काढू. गच्चीवरच्या खोलीत जुना कॉम्प्युटर होता, तो त्यानं आठ दिवस उघडून ठेवला, काहीबाही जोडलं, अन् एक दिवस म्हणे, झालं, हे आपलं. अंगणात निंब आहे म्हणून नाव निंबाखाली. पहिल्या आठवड्यात एकशे चाळीस माणसं आली बरं का. मी अख्ख्या जठारपेठेत फिरलो, एकेकाचा मोबाइल हातात घेऊन खातं उघडून दिलं — आता तू विचारशील, मंग गेले काहून. हाव, तेच तर विचारायले आली आहेस. एकेक सांगतो. पहिलं म्हणजे, दारातच प्रश्न. माझी साळी, म्हणजे बायकोची बहीण, मोर्शीची गोदाबाई — तिनं फोन केला, भाऊजी, मी खातं तुमच्या घरात उघडू का मोर्शीच्या? मी म्हटलं, कुठंही उघड, सारखंच आहे. ती म्हणे, सारखं आहे तर दोन काहून आहेत? सांग आता काय सांगशील. तिनं मोर्शीत उघडलं. मंग बहिणीचं नाव टाकून शोधते तर बहीण सापडेना. नुसतं नाव टाकून होत नाही, नावापुढं घराचं नाव लागते, तेही जसंच्या तसं. गोदाबाई म्हणे, भाऊजी, सख्खी बहीण शोधायले पत्ता लागते का? फोन ठेवला. पुन्हा त्या वाटेनं आली नाही.

दुसरं — हसू नको — दुसरं मी. मी नियम केले. शुभ सकाळची फुलं टाकायची नाहीत. आलेलं पुढं ढकलायचं नाही. बातमी टाकली तर कुठून कळली ते लिहायचं. बरोबरच होते नियम, आजही म्हणतो बरोबर होते. पण विहाराच्या महिला मंडळातल्या लीलाबाईनं नातवाच्या बारशाचा फोटो टाकला, अन् मी खाली लिहिलं — दिनांक? स्थळ? डावीकडून उजवीकडे कोण? सवय, दुसरं काय. त्या बाईनं फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी ती गेली, तिच्या मागं अकरा बायका गेल्या. मोठी कंपनी वाईट, कबूल, पण तिथं बसलेल्या माणसानं लीलाबाईले तिच्या नातवाचं स्थळ विचारलं नाही. अन् अंबानगरीशी तर मी खिडकीच बंद करून टाकली. तिथल्या एका प्राध्यापकानं माझ्या लेखाले 'भावनिक' म्हटलं — मी ललितले सांगतलं, काप. कापलं. माझं अन् त्याचं भांडण, पण इकडची माणसं तिकडच्यायले दिसेनाशी झाली, त्यायले कोणी विचारलंही नाही. चार महिन्यांनी समेट झाला, तवापर्यंत लोक विसरले होते. तिसरं, ललितले हैदराबादले नोकरी लागली. कोणी पासवर्ड विसरलं की मी ललितले फोन करणार, ललित मीटिंगमध्ये. मोठ्या कंपनीत उत्तर यंत्राचं तरी येते, आमच्याकडं तेही नाही. तो गेल्यावर महिन्याभरात एकशे चाळीसचे एकोणीस झाले. लिहून घेतलं, एकोणीस? त्यात माझ्या घरातलंच एक — दुर्गा. माझी बायको.

तिनं काही मागितलं नव्हतं हो हे. तिचं व्हॉट्सअ‍ॅप होतं, त्यावर विहाराच्या बायकायचा ग्रुप, एकशे साठ बाया. सकाळी पाचले पहिलं फूल येणार, मंग कोणाचे गुडघे, कोणाची सून, पौर्णिमेच्या वंदनेले खीर कोण आणते, कोणाच्या पोरीसाठी कुठला मुलगा पाहिला. दिवसभर टिंग टिंग. मी म्हटलं, दुर्गा, मी गावभर सांगत फिरतो, आपलं वापरा, आपलं वापरा, अन् माझ्याच घरात हे? लोक मले विचारतात. ती म्हणे, एवढं आहे तर सोडतो जी. सोडला. 'मी जातो बायानो, आमच्या ह्यायचं नवीन निघालं आहे, तिथं या' — एवढं लिहून बाहेर पडली. मले अभिमान वाटला त्या दिवशी. तिच्याकडं मी पाहिलं नाही, अभिमानच पाहत बसलो. आली नाही एकही बाई. मंग दुर्गा निंबाखाली फोटो टाकायले लागली. रोज एक. वांग्याचं भरीत. वाळत घातलेल्या कुरड्या. अंगणातली खार. खाली कोणी काही लिहीत नव्हतं — एकोणीसमधले सतरा तर झोपलेलेच. मी पाहायचो, पण समोर बसलेल्या बायकोच्या भरताले मोबाइलवर काय 'छान' लिहायचं? जेवून उठायचो. एक महिना झाला, दोन झाले, मंग एक दिवस ताट वाढता वाढता म्हणे — रागानं नाही, तिले राग येतच नव्हता — म्हणे, तिथं कोण आहे जी?

हे लिहू नको. नाही, लिही... नको, राहू दे. रेकॉर्डिंग राहू दे, मंग पाहू.

मी शालू काढली. शालू म्हणजे — खातं. मोर्शीची शालू, निवृत्त शिक्षिका. मोर्शीची काहून, तर दुर्गाचं माहेर तिकडचं, तिले बरं वाटल. फोटोच्या जागी संत्र्याचं फूल. लक्षात येऊन राहिलं ना तुझ्या — मी, देवराव, खोट्या खात्यायच्या विरोधात ज्यानं सात भागांची लेखमाला लिहिली, त्यानं स्वतःच्या बायकोसाठी खोटी बाई उभी केली. गच्चीवर जायचो, कॉम्प्युटर पाहतो म्हणून, अन् लिहायचो, 'ताई, भरतात मेथी टाकता का हो तुमी?' खाली स्वयंपाकघरात टिंग वाजायचं. दुर्गाचं हसू वरपर्यंत ऐकू यायचं. एवढ्यात थांबायचं होतं मी. पण चौदा महिने चाललं. ती शालूले सगळं सांगायची. माझ्याबद्दलही — हे कसे चप्पल शोधत बसतात, टीव्हीवरच्या बातमीवाल्याले कसे शिव्या देतात. चहाडी नाही, कौतुकच. अन् शालू तिले विचारायची, ताई, आज पाय दुखले का, वंदनेले गेल्या का, दुपारी थोडं पडलं का. बत्तीस वर्षांच्या संसारात मी हे विचारलं नव्हतं. शालूले सुचत होतं अन् मले नाही, हे कसं ते मले विचारू नको. एक मात्र — शालूनं कधी तिच्या कढीले चांगलं म्हटलं नाही. सगळ्या पदार्थायचं कौतुक करायची, कढीचा फोटो आला की गप्प. मले कढी आवडत नाही. आता लक्षात येते हे. तवा नाही आलं.

मंग एका शनिवारी तिनं शालूले लिहिलं. 'शालूबाई, चार दिवसापासून छातीत भरून येते, डावा हात जड होते. ह्यायले सांगू नका, त्यायच्या डोक्याले आधीच व्याप.' मी गच्चीवर होतो. खालून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. सरळ खाली उतरायचं, गाडी काढायची, दवाखान्यात न्यायचं — दहा मिनिटांचा रस्ता. पण विचारलं असतं ना तिनं, तुमाले कसं कळलं? मंग शालू संपली असती. मंग चौदा महिने काय चाललं होतं ते सगळं — मी लिहिलं, 'ताई, असं अंगावर काढू नका, डॉक्टरले दाखवा, मालकाले सांगा.' शालूनं लिहिलं. खाली जेवताना मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो, आता सांगल, आता सांगल. तिनं भाकरी वाढली. मी मनात ठरवलं, शुक्रवारी नेतो. माझीच शुगर तपासायची आहे म्हणतो, चल सोबत, अन् तिथं डॉक्टरले सांगतो हिलेही पाहा. शुक्रवारी काहून? कारण गुरुवारी अमरावतीले माझं व्याख्यान होतं. 'आपला आवाज, आपलं व्यासपीठ.' चार दिवस त्याचीच तयारी. पडद्यावर निंबाखाली उघडून दाखवायचं होतं, चुकून दुसरं खातं दिसायले नको म्हणून शालूले बंद करून ठेवलं, पुन्हा उघडलंच नाही.

तुले आठवते ते व्याख्यान. मी दारातच ओळखलं तुले, पोरी. तू ओळख दिली नाही, मीही दिली नाही. तिसऱ्या रांगेत होतीस, निळी ओढणी. सगळं बोलून झालं, टाळ्या झाल्या, अन् तू उठलीस — सर, हे सगळं ठीक आहे, पण तिथं आहे कोण? पोरं हसली. मले ते लागलं. हेच शब्द ऐकलेले होते ना मी, ताटावर बसून. मंग मी जो सुटलो. मालकी, सेन्सॉरशिप, आणीबाणी, बाळापूरची हापशी, सगळं काढलं, तुले पार खाली बसवलं. चाळीस मिनिटं. खिशात फोन थरथरत होता, मी बाहेरून दाबून बंद केला — कोण असल, ललित असल. चंदा होती. नऊ वेळा. दुर्गा स्वयंपाकघरात पडली होती, चंदाले आवाज आला, तिनं शेजारचा ऑटो बोलावला, दवाखान्यात नेलं, रस्त्यानं मले फोन लावत होती. मी उत्तर देत होतो. तुझ्या प्रश्नाचं. नाही नाही, रडू नको, तुझा काही दोष नाही. चांगला प्रश्न होता. बातमीदारानं असाच विचारायले पाहिजे. मी दोन शब्दांत म्हणायचं होतं — कोणी नाही. झालं असतं. चाळीस मिनिटं आधी निघालो असतो तर काही फरक पडला असता असंही नाही, डॉक्टर म्हणे, ऑटोतच गेली.

मी पोचलो तर काय पाहतो — ह्या घरापासून कोपऱ्यापर्यंत पांढऱ्या साड्या. एकशे साठच्या एकशे साठ असतील, वर आणखी. चंदानं ग्रुपवर टाकलं होतं, 'आपली दुर्गाताई गेली.' एवढंच, अन् अर्ध्या तासात सगळ्या हजर. वर्ष-दीड वर्ष जिचं एक फूल आलं नाही तिच्यासाठी. मोर्शीहून गोदाबाई आली, तिलेही कोणीतरी तोच निरोप पुढं ढकलला होता. लीलाबाईनं दुर्गाचं डोकं मांडीवर घेतलं होतं, माझ्याकडं पाहिलंही नाही. मी रात्रीतून कधीतरी निंबाखाली दोन ओळी टाकल्या — सवयीनं. एक माणूस भेटायले आला त्यावरून? एक नाही. फिनलंडच्या एका माणसाची ओळ आली, आमच्या खिडकीतून त्याच्या खिडकीत दिसलं असल. इंग्रजीत लिहिलं होतं, तुमच्या पत्नीच्या खारीचे फोटो मी रोज पाहत होतो, वाईट वाटलं. रोज पाहत होता म्हणे. लेका, एकदा तरी लिहायचं होतं.

मंग पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, अन् मी शालूले उघडलं. काहून उघडलं माहीत नाही. बंद करायलेच उघडलं असल. मंगळवारचा निरोप पडून होता. मंगळवारचा, म्हणजे व्याख्यानाच्या दोन दिवस आधीचा. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. वाचून दाखवतो, थांब, चष्मा... पाठ आहे तसा. 'शालूबाई, चहा झाला. गच्चीवरून खाली या. अन् छातीचं मी तुमालेच सांगतलं होतं.'

एवढंच आहे.

कवापासून ओळखलं होतं, कढीवरून का कशावरून, ते आता कोण सांगल. मंगळवारी मी खाली आलो होतो ना पण. चहा पिला. ती समोर बसली होती, कप हातात घेऊन, माझ्याकडं पाहत. मी म्हटलं, काय पाहतेस, साखर कमी आहे. ती उठली, साखर आणली. वाट पाहत होती ती. मी व्याख्यानाचे मुद्दे काढत होतो — त्याच टेबलावर, तू वही ठेवली आहेस तिथंच.

ललित म्हणे काका, बंद करू आता, कोणी नाही तिथं. मी म्हणतो थांब. चालू खाती दोन आहेत आज, दोन्ही माझीच. पण तिची कढी आहे तिथं, खार आहे. तुझ्या वहीत हे लिहायचं असल तर लिही, नसल तर — नको लिहू. गाईडले समजणार नाही. ते रेकॉर्डिंग बंद कर आता. आधीच करायले पाहिजे होतं. काय? तुले खातं उघडायचं आहे, निंबाखाली? नाही. तुझी आई कुठं असते, व्हॉट्सअ‍ॅपवर? मंग तिथंच राहा, तिनं फूल पाठवलं की उलटं फूल पाठव. साडेचारची गाडी आहे ना तुझी? निघ मंग, उशीर झाला. चहा तसाच राहिला, राहू दे. दार नुसतं लोटून घे, कडी लावू नको — पाच वाजता चंदा येते, चहा घेऊन.